आमच्या गावात गांजाचं दुकान: कौन्सिलरसाहेब, ‘नाही’ का म्हणताय तेवढं तरी सांगा

सांडगी_मिरची | १२ जुलै २०२१

मंडळी, धाग्याचं नाव वाचून कोण ही गंजेडी बाई असं समजू नका. मी आयुष्यात सिगरेटसुद्धा ओढलेली नाही. भांग एकदाच, होळीला नाशकात आत्तेबहिणीकडे, आणि त्यानंतर दोन तास मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी भांडत होते असं घरचे अजून सांगतात.

तर आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. गेल्या नोव्हेंबरात प्रेसिडेंटच्या निवडणुकीबरोबरच मतपत्रिकेवर राज्याचा एक प्रश्न होता, २१ वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर करायचा का म्हणून. राज्यात साधारण ६७ टक्के लोकांनी हो म्हटलं. आमच्या गावातही ‘हो’च जिंकलं, चांगल्या फरकाने, काउंटीच्या साइटवर मतदान केंद्रागणिक आकडे आहेत. मग २२ फेब्रुवारीला गव्हर्नर मर्फीने कायद्यावर सही केली आणि त्यात प्रत्येक गावाला १८० दिवस दिले, म्हणजे २१ ऑगस्टपर्यंत ठरवा की तुमच्या हद्दीत लागवड, कारखाना, होलसेल, वाहतूक, दुकान, घरपोच सेवेचा धंदा यातलं काय चालेल आणि काय नाही.

आता आमच्या कौन्सिलने सगळ्यालाच बंदी करणारा ठराव आणलाय. पहिलं वाचन पाच मिनिटांत झालं, चर्चा शून्य. मी सातही जणांना दीड पानी मेल लिहिलं की बाबांनो गावाने हो म्हटलंय, तुम्ही नाही म्हणताय, का ते सांगा. दोघांचं उत्तर आलं, तेही शब्दन् शब्द सारखं: आपण संपर्क साधल्याबद्दल आभार, रहिवाशांची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. एकाने तर माझं नावही चुकीचं लिहिलंय.

दुसरं वाचन ऑगस्टात आहे, तेव्हा लोकांना बोलता येतं. अनुभवी लोकांनी सांगा, यांच्या तोंडून उत्तर कसं काढायचं?

नाना_फडतूस | १२ जुलै २०२१

तै तुमच्याकडे ‘आभार’ तरी आलं. आम्ही नगरसेवकाला गटार का तुंबतं विचारलं तर त्याने विचारलं, तुमचं नाव कुठल्या यादीत आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

वांगणीवाला | १३ जुलै २०२१

डेन्व्हरला अठरा वर्षं झाली, त्यामुळे हा सिनेमा आम्ही आधी पाहिलाय. कोलोरॅडोत २०१२ ला मतदान झालं, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं.

२००९ च्या मार्चमध्ये ओबामांनी ऑनलाइन सभा घेतली होती, लोकांनी प्रश्न पाठवायचे आणि लोकांनीच मतं देऊन वर आणायचे. वर काय आलं? गांजा कायदेशीर करून अर्थव्यवस्थेला हातभार लागेल का. अध्यक्ष महाशय हसले, ऑनलाइन प्रेक्षकांबद्दल एक कोटी केली आणि नाही, ही काही चांगली योजना वाटत नाही म्हणून पुढे गेले. हॉलमध्ये हशा. आता बघा, उत्तर ‘नाही’ आलं याचं दुःख नाही, पण लाखभर लोकांनी प्रश्न वर आणायचा आणि त्याला फक्त हसं मिळायचं?

मग २०११ ला व्हाइट हाउसने याचिकांची साइट काढली. तिथेही पहिल्याच फेरीत गांजाची याचिका सगळ्यात वर. उत्तर कोणी दिलं, तर अमली पदार्थविरोधी कार्यालयाचे प्रमुख केर्लिकोव्स्की यांनी. आणि गंमत अशी की त्या खुर्चीवरच्या माणसाने असल्या पदार्थांना कायदेशीर करण्याच्या प्रयत्नांना विरोध करायचा हे त्या कार्यालयाच्या कायद्यातच लिहून ठेवलंय, १९९८ पासून. म्हणजे ज्याच्या पायात आधीच बेडी आहे त्याला विचारायचं की का रे तू पळत नाहीस.

तेव्हा सांडगीताई, दीड पान विसरा. ज्याच्या हातात मत आहे त्यालाच विचारा आणि एकच प्रश्न विचारा. लांब मेलमधून त्यांना जे सोपं वाटतं तेवढंच ते उचलतात.

मोगरा७९ | १३ जुलै २०२१

मी विरोधात लिहिणार आहे, तुटून पडायचं असेल तर पडा.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला असताना गांजाला लागला. आधी शनिवारी, मग रोज, मग सकाळी उठल्या उठल्या. तिसऱ्या वर्षाला त्याला वाटायला लागलं की शेजारचे काका पंख्यातून त्याचं बोलणं ऐकतात, म्हणून त्याने पंखा उतरवून बाल्कनीत ठेवला. आईने मे महिन्यात त्या खोलीत पंख्याशिवाय दोन आठवडे काढले, त्याला वाईट वाटू नये म्हणून. पुढे व्यसनमुक्ती केंद्र, गोळ्या, आज तो ठीक आहे, नोकरी करतो, पण ती चार वर्षं गेली ती गेली. सगळ्यांना असं होत नाही हे मला माहितीये, डॉक्टरांनीही सांगितलं की कोवळ्या वयात रोज आणि जहाल ओढणाऱ्यांना धोका जास्त. पण ज्याच्या घरात झालंय त्याला ‘नैसर्गिक वनस्पती आहे हो’ हे वाक्य ऐकवत नाही.

म्हणून माझं म्हणणं, फक्त ‘नाही’वाल्यांनाच कशाला जाब विचारता? ‘हो’ म्हणणाऱ्या नेत्यांनाही विचारा की टॅक्सचा पैसा कुठे जाणार. त्यातला उपचाराला किती, हे कागदावर दाखवा.

सांडगी_मिरची | १३ जुलै २०२१

मोगरा, तुटून कशाला पडू. वाचून पोटात कालवलं. आणि खरं सांगू का, आमच्या गावात दुकान हवंच असं माझंही ठरलेलं नाही. माझा मुलगा नववीत आहे. कदाचित त्या सात जणांच्या जागी मी असते तर मीही आत्ता नको म्हटलं असतं, पण का ते सांगितलं असतं!

पैशाचं शोधलं. राज्याच्या विक्रीकरातला ७० टक्के वाटा ज्या वस्त्यांना जुन्या धरपकडीची सगळ्यात जास्त झळ बसली तिथे जायचाय. गावाला स्वतःचा वेगळा कर लावता येतो, दुकानावर २ टक्क्यांपर्यंत, आणि तो गावाच्या गल्ल्यात पडतो, त्याचं काय करायचं ते गावाने ठरवायचं. तुमचा प्रश्न उचलतेय, चालेल ना?

मोगरा७९ | १४ जुलै २०२१

उचल गं. नाव सांगू नकोस फक्त.

ग्रीनकार्ड_वेटिंग | १४ जुलै २०२१

अवांतर वाटेल पण फार महत्त्वाचं. राज्यात कायदेशीर झालं म्हणून एचवन व्हिसावाल्यांनी आणि ग्रीनकार्डच्या रांगेतल्यांनी हुरळून जाऊ नका. केंद्राच्या कायद्यात गांजा अजून हेरॉइनच्या पंक्तीत, पहिल्या यादीत आहे, आणि इमिग्रेशन हा केंद्राचा विषय. विमानतळावर किंवा मुलाखतीत ‘हो कोलोरॅडोला एकदा ओढला’ असं सहज बोलून गेलात तरी कबुली धरली जाऊ शकते, खटला शिक्षा काही लागत नाही. नागरिकत्वाच्या अर्जासाठी तर २०१९ च्या एप्रिलमध्ये स्पष्ट लिहूनच दिलंय की राज्यात चालत असलं तरी तुमच्या सद्वर्तनावर प्रश्न येतो, अशा दुकानात नोकरी केली तरीही. आपल्या लोकांनी हा प्रश्न काँग्रेसमनला, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या खासदाराला, विचारायला हवा, गावच्या कौन्सिलरच्या हातात यातलं काही नाही.

बाकी मला मत नाही, पण घराचा टॅक्स किती भरतो ते विचारू नका, न्यू जर्सीवाले समजून घेतील. सभेत बोलायला रहिवासी असणं पुरे असतं, मी पार्किंगवर एकदा बोललोय.

पणजीकर_परत | १५ जुलै २०२१

आमच्या गोव्यातली गंमत ऐका. गेल्या डिसेंबरच्या शेवटी बातमी आली की औषधासाठी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्याने तपासून पुढे सरकवला. प्रस्ताव जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेचा, म्हणजे कोणी हिप्पी नव्हे. झालं, दोन्ही बाजूंनी कल्ला. विरोधक म्हणाले गोंय विकायला काढलंय, मंत्री म्हणाले फक्त औषधासाठी हो, आणि मुख्यमंत्री म्हणाले सरकारने मान्यता दिलेलीच नाही. फाईल होती का? होती. कोणी मागवली? ते नाही सांगणार. ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

माझं मत विचाराल तर माझा लागवडीला विरोधच आहे, कारण इथे फक्त औषधासाठी म्हणून आलेली गोष्ट किनाऱ्यावर पोचायला किती वेळ लागतो ते आम्हाला ठाऊक आहे. पण मग तसं छातीठोक बोला की! ‘विचाराधीन नाही’ ही काय भूमिका झाली पात्रांव.

जुनी_वही | १७ जुलै २०२१

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत दोन गोष्टी.

एक, हा प्रश्न विचारायची पद्धत आपल्यासाठी नवी नाही. १८९३ ला ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न आला, दारूबंदीवाल्यांचा जोर होता तेव्हा. सरकारने नुसतं ‘विचार करू’ न म्हणता सात जणांचा आयोग नेमला, त्यात तीन हिंदुस्थानी. त्यांनी ११९३ साक्षी घेतल्या, बैरागी, वैद्य, मॅजिस्ट्रेट, वेड्यांच्या इस्पितळाचे डॉक्टर. इस्पितळांच्या नोंदी उलट्यापालट्या करून तपासल्या तर दिसलं की वेडाचं कारण माहीत नसलं की खुशाल ‘गांजा’ लिहून टाकलेलं असायचं. शेवटी निष्कर्ष दिला की माफक सेवनाने फारसं नुकसान नाही, अतिसेवन वाईट, सरसकट बंदी नको, परवाने आणि कर ठेवा. पटो न पटो, कारणं लिहून दिली. (साहेबाला महसूल हवा होता हेही आहेच, साधू समजू नका त्यांना.)

दोन, आजचं. आपल्या अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया व्याख्येतच नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प’, २० किलोच्या वर ‘व्यापारी’. आणि आता हे वाचा: २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वात घातक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ ने पास झाला, आणि भारताने बाजूने मत दिलं! तेव्हा मुंबईत सुशांतसिंह प्रकरणातून ड्रग्जची धरपकड चालू होती, आठवतं ना? चॅनेलवाले चिमूटभर पुड्यांच्या मागे गाड्या पळवत होते. तिकडे हात वर केला तो का, हे इथे कोणी कोणाला विचारल्याचं मी तरी पाहिलं नाही.

नाना_फडतूस | १७ जुलै २०२१

२७-२५ मध्ये आपण उलटे गेलो असतो तर २६-२६. आयला.

वांगणीवाला | १८ जुलै २०२१

जुनी_वही, झकास. रच्याकने (बाय द वे) आपल्याकडे उघड बोलणारे खासदारही झालेत. ढेंकानालचे तथागत सत्पथी २०१५ ला इंटरनेटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसले होते आणि कॉलेजात ओढलाय, बंदी चूक आहे असं सरळ लिहून मोकळे झाले. पुढच्या वर्षी पतियाळाचे धर्मवीर गांधी, ते स्वतः डॉक्टर, त्यांनी कायदा बदलायचं खाजगी विधेयक आणलं. पुढे काही झालं नाही, पण निदान कुठे उभे आहेत ते कळलं.

सांडगी_मिरची | ११ ऑगस्ट २०२१

काल सभा झाली. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

टाऊन हॉलमध्ये मधोमध माइक, समोर टेबलावर दिव्यांचा डबा, हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा. प्रत्येकी तीन मिनिटं. माझ्या आधी एक गुजराती काका होते, त्यांनी हा कसा सगळ्या व्यसनांचा दरवाजा आहे ते सांगता सांगता दोन मिनिटं मुलं हल्ली आईबापांशी बोलत नाहीत यावर घालवली आणि लाल दिव्यावर ‘वन लास्ट पॉइंट’ म्हणत अजून अर्धं मिनिट. त्यांच्यानंतर एक कृष्णवर्णीय बाई आल्या, साठीच्या असतील. भाच्याला वीस वर्षांपूर्वी ह्याच गावात, दोन सिगरेटींएवढा माल सापडला म्हणून पकडलेलं, पुढे प्रत्येक नोकरीच्या फॉर्मवर ‘गुन्ह्याची नोंद आहे का’ हा चौकोन. न्यू जर्सीत काळ्या माणसाला यासाठी पकडलं जायची शक्यता गोऱ्याच्या साडेतीन पट आहे असा अहवाल गेल्या वर्षीच आला होता, पण त्यांनी आकडा नाही सांगितला. म्हणाल्या, तुमच्यातले तिघे तेव्हाही गावात होतात, तुम्ही मला हे कधी विचारलंत का? आणि दिवा हिरवाच असताना जाऊन बसल्या. हॉल एकदम गप्प.

मग मी. पाय लटपटत होते. वांगणीवाल्यांचं ऐकून एकच प्रश्न: नोव्हेंबरात आपल्या गावाने हो म्हटलं, त्यानंतर आजपर्यंत तुम्ही असं काय वाचलंत किंवा ऐकलंत की ज्यामुळे तुम्ही आज नाही म्हणणार आहात, फक्त एक गोष्ट सांगा. चाळीस सेकंदात संपलं. मी तिथेच उभी.

अध्यक्ष म्हणाले, ही जनतेच्या म्हणण्याची वेळ आहे, उत्तर द्यायला आम्ही बांधील नाही. मी म्हटलं बरोबर आहे, पण माझी दोन मिनिटं शिल्लक आहेत, ती मी ऐकण्यासाठी वापरते.

लोकहो, दोन मिनिटं किती लांब असतात! एकजण पाण्याची बाटली उघडून बंद करत होता. एक बाई म्हणाल्या, आपली मुलं. मी म्हटलं मॅडम, हायवेवर चार दारूची दुकानं आहेत, त्यांना तुम्ही परवाने दिलेत, फरक सांगा. त्यांनी कागद सरळ केले.

आणि मग कोपऱ्यातले म्हातारे कौन्सिलर, जे सगळ्या सभांमध्ये झोपलेले असतात असं मी समजत होते, ते बोलले. म्हणाले की २१ ऑगस्टपर्यंत आम्ही काहीच केलं नाही तर दारं आपोआप उघडतात आणि पाच वर्षं आम्हाला बंद करता येत नाहीत. आज बंदी घातली तर उद्या मनात आलं की उठवता येते. नियम अजून तयार नाहीत, म्हणून मी आज नाही म्हणतोय, कायमचं नाही.

मला इतका राग आला ना! कारण हे उत्तर चांगलं होतं. पटण्यासारखं होतं. हे दोन वाक्यांत मेलमध्ये लिहिता आलं असतं, मग ‘सर्वोच्च प्राथमिकता’ कशाला?

शेवटी मोगराचा प्रश्न टाकला, पुढे कधी दुकानं आली तर गावाच्या त्या २ टक्क्यांतले उपचारासाठी किती बाजूला ठेवाल. यावर अध्यक्ष ‘नोंद घेतली’ म्हणाले आणि लाल दिवा लागला. बंदी ५-२ ने पास.

मोगरा७९ | ११ ऑगस्ट २०२१

माझा प्रश्न अमेरिकेतल्या कागदावर गेला म्हणायचा. भावाला सांगितलं. तो म्हणाला, ताई, तिकडे पण पंख्याचं सांगितलंस का.

पणजीकर_परत | ११ ऑगस्ट २०२१

‘ऐकण्यासाठी वापरते’ ला साष्टांग नमस्कार.

बार्शीचा_बोका | २७ ऑगस्ट २०२१

आमच्या सोलापूर जिल्ह्यातली बातमी वाचली का. एका शेतकऱ्याने कलेक्टरला अर्ज दिलाय, दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या म्हणून. म्हणतो कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजाला भाव चांगलाय. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं समजून लावणार आणि गुन्हा दाखल झाला तर जबाबदार प्रशासन. पोलिसांनी स्टंट म्हणून सोडून दिलं.

स्टंट असंल बी. पण पत्रात मागणी गांजाची असली तरी प्रश्न भावाचाय ना राव. त्याला आधी कायदा सांगितला, बरोबरच सांगितला. आमच्या मामाचा टोमॅटो यंदा गुरांनी खाल्ला, कॅरेटचं भाडं अंगावर. त्याबद्दल आमदार काय बोलले ते कुणाला घावलं तर मला पाठवा.

सांडगी_मिरची | २४ एप्रिल २०२२

धागा वर काढतेय. परवा २१ तारखेला राज्यात विक्री सुरू झाली, १३ दुकानांत, रांगा टीव्हीवर पाहिल्या असतील. आमच्या गावात बंदी कायम, पण कायद्याने बाहेरच्या दुकानातून येणारी घरपोच डिलिव्हरी गावाला अडवता येत नाही, म्हणजे परवाने निघाले की माल दारात आणि त्या २ टक्क्यांतला छदाम गावाला नाही. हे त्या सातांना तेव्हा माहीत होतं का?

म्हणून हिवाळ्यात मी माहिती अधिकारासारखा आमच्याकडचा जो अर्ज असतो तो भरला, बंदीआधी कौन्सिलमध्ये यावर काय चर्चा झाली त्याचे कागद द्या. सात कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं, सातव्या दिवशी संध्याकाळी आलं. वर्षभराच्या टिपणांत गांजावर एकूण एक ओळ: ‘शेजारची गावं काय करतात ते पाहून ठरवू.’

शेजारच्या गावातल्या मैत्रिणीने तिच्याकडे तसाच अर्ज टाकला. तिथेही तेच लिहिलंय 😀

काहींनी मेलचा नमुना मागितला होता, हा घ्या, आता एवढंच पाठवते: ‘मी अमुक रस्त्यावर राहते. तमुक ठरावावर तुम्ही विरोधात मत दिलंत. त्यामागचं तुमचं एक कारण दोन वाक्यांत कळवा. उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत हेच विचारीन.’ गेल्या महिन्यात चारांची उत्तरं आली, चारही वेगळी. नावही बरोबर.

नाना_फडतूस | २५ एप्रिल २०२२

तै, तुमचं मेल ‘ठराव’ काढून ‘गटार’ घालून आमच्या नगरसेवकाला धाडायला बसलो. मग आठवलं की मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक कधी ते ठरलेलं नाही, प्रशासक बसलाय. म्हणजे आता विचारायला नगरसेवकच नाही. गटार आहे.